अक्षर, तारीख, दुरुस्ती : वृत्तपत्राच्या स्मृतीविषयी



ज्या शाळेत मी पाटीवर पहिले मराठी अक्षर गिरवले, त्या शाळेने स्मृतिव्याख्यानासाठी मला बोलवावे, हा मी माझा बहुमान समजतो. ज्यांच्या नावे हे व्याख्यान होते ते सर आज समोरच्या खुर्चीत असते, तर माझे पहिलेच वाक्य त्यांनी मध्येच थांबवून 'क्रियापद कोठे आहे?' असे विचारले असते. त्यांच्या त्या प्रश्नाचे भय अजूनही मनातून गेलेले नाही, आणि ते जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

विश्वस्तांनी पत्रात विषय सुचवला होता : 'वृत्तपत्रसृष्टीतील संगणकयुग आणि माझी वाटचाल'. वाटचालीविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. पस्तीस वर्षांहून अधिक काळ एका मराठी दैनिकात होतो. त्यातील पहिली सहा-सात वर्षे उपसंपादक म्हणून बातम्या नीट केल्या आणि पुढची सगळी वर्षे त्या बातम्या ज्या यंत्रांतून जातात त्या यंत्रांची उस्तवार केली. या काळात एक गोष्ट मात्र मला पुरती उमगली, आणि आज तेवढीच आपल्यापुढे मांडणार आहे. वृत्तपत्राचे तंत्रज्ञान किती वेगवान आहे यावरून त्याची परीक्षा करण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. आज छापलेला मजकूर वीस वर्षांनी सापडतो काय, सापडला तर वाचता येतो काय, तो केव्हाचा हे कळते काय, आणि तो चुकीचा असेल तर त्याची दुरुस्ती त्याच्या शेजारी दिसते काय, ही खरी परीक्षा होय.

सरांचे दोन नियम माझ्या वेळच्या विद्यार्थ्यांना आठवत असतील. वहीच्या प्रत्येक पानावर डाव्या कोपऱ्यात तारीख घातलीच पाहिजे, हा पहिला. आणि खोडरबर वर्गात आणायचे नाही, हा दुसरा. शब्द चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ ओढायची, तीही अशी की खालचा चुकलेला शब्द वाचता आला पाहिजे. बरोबर शब्द त्याच्या डोक्यावर लिहायचा. आम्हांला हा जाच वाटे. वही किती विद्रूप दिसते, अशी आमची तक्रार असे. सर म्हणत, "वही सुंदर दिसण्यासाठी नसते. काय चुकले होते हे तुला पुढच्या वर्षी कळावे म्हणून असते."

एकदा निबंधात मी लिहिले की, बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' १८४० साली सुरू केले. सरांनी त्या आकड्याखाली रेघ ओढून समासात दोनच शब्द लिहिले : 'कोठे पाहिलेस?' मी कोठेच पाहिले नव्हते. त्यांनी मला मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात धाडले. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण करून १९१० साली ज्या ग्रंथालयाचा पाया घातला, तेच हे ग्रंथालय. तेथे दोन संध्याकाळी घालवल्यावर कळले की, 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, एका रकान्यात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी अशा रूपात. आणि १८४० हे त्यांच्या 'दिग्दर्शन' मासिकाचे साल. दोन नावांची मी गल्लत केली होती. त्या ग्रंथालयात मी प्रथमच बांधीव वृत्तपत्रांच्या जाड फायली उलगडल्या, आणि वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दी होते हा समज तेथेच गळून पडला.

अक्षर

मी १९८३ साली मुंबईच्या एका मराठी दैनिकात रुजू झालो, तेव्हा खिळ्यांची जुळणी अखेरच्या घटका मोजत होती. तळमजल्यावर लाकडी केसांच्या रांगा होत्या. रोमन लिपीला लहानमोठी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे मिळून जेवढी घरे लागतात, त्याच्या कितीतरी पट घरे देवनागरीला लागत. कारण व्यंजने, अर्धी अक्षरे, काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरे यांचे खिळे निराळे. या शेकडो घरांमधून न पाहता नेमका खिळा उचलणाऱ्या जुळाऱ्यांचे हात मी पाहिले आहेत. लोकमान्य टिळकांनी संपादकीय व्यापातून वेळ काढून देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटी का केल्या असतील, हे त्या तळमजल्यावर अर्धा तास उभे राहिले की समजत असे.

नव्वदच्या सुमारास संगणक आले. मुख्य उपसंपादक मला म्हणाले, "तुम्ही बीएस्सी आहात ना? मग हे तुम्हीच बघा." माझी पदवी वनस्पतिशास्त्राची होती, पण ती सबब चालली नाही. येथून माझा व्यवसाय बदलला.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, त्याला केवळ संख्या ठाऊक असतात. कळ दाबली की एक संख्या साठवली जाते आणि त्या संख्येपुढे कोणती आकृती पडद्यावर काढायची हे टंक, म्हणजे फाँट, ठरवतो. त्या काळच्या पान मांडणाऱ्या प्रणाली रोमन लिपीसाठी घडलेल्या होत्या आणि त्यांच्यापाशी एका टंकात फार तर २५६ जागा असत. त्यांतही काही राखीव. देवनागरीचा शेकडो घरांचा संसार एवढ्या जागेत बसवायचा, तर अक्षरांचे तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून टंक बनवणाऱ्यांनी युक्ती केली. 'ग' साठवायचा तर अर्धा ग् आणि त्यापुढे काना. 'ओ'ची मात्रा म्हणजे काना आणि वरची मात्रा. पानावर अक्षर देखणे उमटे. त्या कारागिरांना मी मनापासून मानतो, त्यांच्यामुळे मराठी मुद्रण संगणकावर आले.

परंतु कोणता तुकडा कोणत्या संख्येवर ठेवायचा, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवले. परिणाम असा की, एका टंकात लिहिलेली 'शाळा' दुसऱ्या टंकात उघडली की तिचे काहीतरी अगम्य होई. दुसरी अडचण सूक्ष्म होती. आपण 'किल्ला' म्हणताना आधी क म्हणतो, मग इ. पण पहिली वेलांटी डोळ्यांना क-च्या आधी दिसते, म्हणून या टंकांत ती आधी साठवली जाई. रफाराचे उलट. उच्चारात तो आधी, पण अक्षराच्या डोक्यावर बसत असल्याने साठवला जाई मागाहून. म्हणजे संगणकात आम्ही भाषा साठवत नव्हतो, तिचे चित्र साठवत होतो. चित्र छापता येते, परंतु त्यात शब्द शोधता येत नाही आणि त्याचा अकारविल्हे क्रमही लावता येत नाही.

यावर उपाय नव्हता असे नाही. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही समान संकेतावली तयार झाली होती आणि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली तिला आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने देवनागरीला १२८ स्थाने दिली आणि त्यांची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावरून घेतली. या मांडणीतील एक सौंदर्य बडोदेकरांना विशेष आवडावे. मराठी 'क'ची संख्या २३२५ आणि गुजराती 'क'ची २७०९. दोहोंतील अंतर ३८४. 'ख' घ्या, 'ग' घ्या, 'म' घ्या, अंतर तेच. ज्या गावात एकाच रस्त्यावर दोन्ही लिप्यांच्या पाट्या आपण लहानपणापासून वाचल्या, त्या दोन लिप्या तेथेही एकाच क्रमाने उभ्या आहेत.

मराठीच्या काही खास गरजा मात्र मागाहून भागल्या. आपण 'ॲ' हे अक्षर अ-वर चंद्र देऊन लिहितो, त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. आणखी एक गरज आडव्या र-ची. आपण घरात 'बडोदे' म्हणतो. पण बातमीत 'वडोदरा' लिहिले की पुढे 'वडोदऱ्यात', 'वडोदऱ्याला' हे ओघानेच येते, आणि त्या र-साठी निराळा संकेत लागतो. तो न पाळणाऱ्या एका प्रणालीमुळे आमच्या दैनिकात एकदा 'आचाऱ्यांना मानधनवाढ' या मथळ्याचे 'आचार्यांना मानधनवाढ' झाले. बातमी आश्रमशाळांतील स्वयंपाक्यांची होती. दुसऱ्या दिवशी दोन संस्कृत पाठशाळांतून चौकशीचे दूरध्वनी आले. आम्ही हसलो, पण एक लहानशी रेघ गळाली तर बातमीतली माणसेच बदलतात, हे कळून चुकले.

आता जे सांगायचे आहे त्यात हसण्यासारखे काही नाही. १९९१ ते १९९५ या पाच वर्षांची आमची पाने अशाच एका खासगी टंकात होती. पुढे दैनिकाने टंकप्रणाली बदलली. जुन्या प्रणालीला चालू राहण्यासाठी डोंगल नावाचे छोटे कुलूप यंत्रामागे लावावे लागे, ते यंत्रासह मोडीत गेले. फायली टेपवर होत्या. त्या आहेत एवढ्यावर आम्ही निश्चिंत होतो. 'सगळे संगणकात आहे' या भरवशावर त्या वर्षांच्या कागदी फायलींचे दोन संचही जागेअभावी काढून टाकण्यात आले. त्या टिपणावर माझी सही आहे.

२००६ साली संकेतस्थळ युनिकोडमध्ये नेण्याचे ठरले, तेव्हा आम्ही त्या टेप उघडल्या. पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे आणि परकी चिन्हे यांचा खच पडला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्या जिल्हा वार्ताहरांनी त्यानंतर कित्येक दिवस गावोगाव हिंडून नावानिशी मजकूर पाठवला होता. तो सगळा त्या चिन्हांच्या ढिगाऱ्यात होता. पडद्यासमोर आहे, आणि वाचता येत नाही.

यातून वाट काढून दिली ती आमच्या जुन्या संगणक विभागातील, नोकरी सोडून गेलेल्या एका भगिनींनी. त्यांनी शिकाऊ असताना कोणत्या कळेने कोणता तुकडा उमटतो याचा तक्ता एका शंभरपानी वहीत हाताने लिहून ठेवला होता. ती वही त्यांनी जपली होती. त्या तक्त्यावरून आम्ही संख्यांचे कोष्टक पुन्हा उभारले, वेलांट्या आणि रफार जागच्या जागी नेणारी आज्ञावली लिहिली, आणि पाचपैकी तीन वर्षांचा बहुतेक मजकूर परत मिळवला. किल्लारीचा मजकूर त्यात आला. उरलेल्या दोन वर्षांच्या टेप खराब झाल्या होत्या. ती वर्षे आमच्या दैनिकापुरती गेली. लक्षावधी रुपयांच्या यंत्रसामग्रीने जे राखले नाही, ते एका वहीने राखले. जे नाश पावत नाही ते अक्षर, अशी आपण व्युत्पत्ती सांगतो. माझा अनुभव असा की, अक्षर आपोआप अक्षर राहत नाही. ते कोणीतरी राखावे लागते.

तारीख

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य भारतीय ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. पुढील काही वर्षांत मराठी दैनिके एकामागून एक तेथे आली. आरंभी वाचकाला आमचा टंक आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावा लागे. परदेशातून पत्रे येत : 'तुमच्या पानावर नुसते चौकोन दिसतात.' २००० सालच्या विंडोज प्रणालीत देवनागरी युनिकोडची सोय आली आणि हळूहळू तो प्रश्न सुटला. पण संकेतस्थळाने एक नवाच प्रश्न उभा केला, तो काळाचा.

छापील वृत्तपत्रात प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख असते. कात्रण कापताना आपण ती वर लिहून ठेवतो. वृत्तपत्राचे पान ही एक वेळेची चौकट आहे. त्यातील बातमी त्या दिवसापुरती बोलते. संकेतस्थळावर प्रत्येक बातमी पानापासून सुटी होते. वाचक शोधयंत्रातून थेट तिच्यापाशी येतो. माथा, शेजारच्या बातम्या, जाहिराती, हवामान, काहीच त्याच्यापुढे नसते. बातमीपुढे तारीख नसेल, तर ती बातमी नेहमीच 'आज'ची होते.

याचे किती मोठे मोल पडू शकते, हे अमेरिकेत ८ सप्टेंबर २००८ रोजी दिसले. युनायटेड एअरलाइन्स या विमान कंपनीच्या दिवाळखोरीची 'शिकागो ट्रिब्यून'ची डिसेंबर २००२ची बातमी फ्लोरिडातील 'सन सेंटिनेल' या दैनिकाच्या संकेतस्थळावर जुन्या संग्रहात होती. तिच्यावर तारीख नव्हती. गूगलच्या बातम्या वेचणाऱ्या यंत्रणेने ती नवी समजून उचलली. तेथून ती गुंतवणूकदारांच्या पडद्यांवर पोहोचली. कंपनीचा समभाग सुमारे १२ डॉलरवरून काही मिनिटांत ३ डॉलरच्या आसपास कोसळला आणि व्यवहार थांबवावे लागले. खुलासा झाल्यावर भाव बराच सावरला. त्या बातमीतील एकही शब्द खोटा नव्हता. सहा वर्षांपूर्वी तो अक्षरशः खरा होता. केवळ तारीख नव्हती, म्हणून खरी बातमी खोटी ठरली.

दुसरे उदाहरण यंत्राने लिहिलेल्या बातमीचे. 'लॉस अँजेलिस टाइम्स'ने भूकंपाच्या नोंदी वाचून स्वतः बातमी तयार करणारी एक आज्ञावली घडवली. २०१४ साली तिने भूकंपानंतर काही मिनिटांतच बातमी दिली, तेव्हा जगभरच्या वृत्तकचेऱ्यांत तिचे कौतुक झाले. आमच्याही. पुढे २१ जून २०१७ रोजी तिने सांता बार्बराजवळ ६.८ क्षमतेचा भूकंप झाल्याचे वृत्त दिले. भूकंप झाला होता, पण १९२५ साली. शास्त्रज्ञ त्या जुन्या भूकंपाच्या नोंदीत दुरुस्ती करीत असताना २०२५ असे वर्ष घातलेली सूचना बाहेर पडली आणि यंत्राने ती बिनतक्रार पुढे सरकवली. हातात नोंद पडलेल्या कोणत्याही मुख्य उपसंपादकाने 'अहो, हे साल अजून उजाडायचे आहे' असे म्हटले असते. यंत्राजवळ वेग होता, 'कोठे पाहिलेस?' असे विचारणारे कोणी नव्हते.

या दोन्ही घटना वाचल्यावर मी आमच्या कचेरीत एक नियम घालून घेतला. प्रत्येक बातमीसोबत तीन वेळा नोंदवायच्या : घटना घडली ती, बातमी प्रथम प्रसिद्ध झाली ती, आणि तिच्यात शेवटचा बदल झाला ती. पहिल्या दोन वाचकाला दिसल्याच पाहिजेत. तिसरी, बदल झाला असेल तर. तरुण सहकारी म्हणत, "एवढ्या तारखा कोण वाचतो?" त्यांचे खरे होते. तारीख कोणी वाचत नाही. पण ती नसेल तेव्हाच तिची गरज कळते.

दुरुस्ती

तिसरी गोष्ट सांगताना माझा स्वर आपोआप खाली येतो.

२०१४ साली एक गृहस्थ कचेरीत आले. वय साठीच्या आसपास, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले एक कात्रण. ते एका पतसंस्थेत लेखनिक होते. २००७ साली तेथील अपहाराच्या प्रकरणात इतरांबरोबर त्यांनाही अटक झाली, आणि ती बातमी नावासह आमच्या दैनिकात व संकेतस्थळावर आली. सहा वर्षे खटला चालला. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. आम्ही तीही बातमी दिली होती. तेच ते कात्रण, जिल्हा पानाच्या तळाशी, चार ओळी. ते म्हणाले, "साहेब, माझ्या मुलीला पाहायला आलेल्या मंडळींनी मोबाइलवर माझे नाव टाकले. अटकेची बातमी आली. सुटकेची येत नाही. हे कात्रण मी कोणाकोणाला दाखवत फिरू?"

सुटकेची बातमी का येत नव्हती याचे उत्तर मला ठाऊक होते. किंबहुना मलाच ठाऊक होते. संकेतस्थळाची रचना करताना, मुख्य पानांवरील बातम्या आपोआप चढाव्यात आणि जिल्हा पाने वगळावीत, असे मी ठरवले होते. मनुष्यबळ कमी होते, जागा महाग होती. कारणे सगळी रास्त होती. अटक मुख्य पानावर होती, म्हणून ती चढली. सुटका जिल्हा पानावर होती, म्हणून ती राहिली. आणि समजा ती चढली असती, तरी तिला जुन्या बातमीशी जोडण्याची सोय नव्हती. बातमी भरण्याच्या त्या तक्त्यात मथळा होता, मजकूर होता, छायाचित्र होते, वार्ताहराचे नाव होते. 'पुढे काय झाले' हा रकानाच मी ठेवला नव्हता.

आम्ही संपादकांकडे बसलो. कोणी म्हणाले, अटकेची बातमी काढून टाका. सोपे होते, एक कळ दाबायची. दुसरे म्हणाले, छापलेले काढता येत नाही. उद्या प्रत्येक पुढारी आपल्याविरुद्धची बातमी काढा म्हणेल, आणि मग आपल्या संग्रहावर विश्वास कोण ठेवील? दोन्ही बाजूंत तथ्य होते. मला मात्र त्या क्षणी एक वही दिसत होती. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, खालचे वाचता येईल अशी, आणि बरोबर शब्द वर. मी तसे सुचवले. जुनी बातमी ठेवायची. पण तिच्या माथ्यावर, मथळ्याच्याही आधी, तारखेसह लिहायचे की यातील अमुक व्यक्तीस न्यायालयाने अमुक दिवशी निर्दोष मुक्त केले आहे, आणि त्या निकालाची बातमी खाली जोडायची. संपादकांनी मान्य केले. त्या गृहस्थांचे आणखी एक म्हणणे होते. शोधयंत्रात बातमीचा मथळा दिसतो, टीप दिसत नाही. म्हणून मथळ्यातच 'निर्दोष मुक्तता' हे शब्द घातले.

त्यांचे समाधान झाले काय? अर्धेच. जाताना त्यांनी कात्रण पुन्हा पिशवीत घातले. म्हणाले, "हे असू दे जवळ." त्यांचा आमच्यावर विश्वास पुरता बसला नव्हता, आणि तो बसावा असे आम्ही काही केलेलेही नव्हते. त्या मुलीचे पुढे काय झाले हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

त्यानंतर तक्त्यात रकाना आला. अटकेची प्रत्येक बातमी भरताना खटल्याचा क्रमांक नोंदवायचा, आणि त्याच क्रमांकाची पुढची बातमी, ती कोणत्याही पानावर असो, आपोआप पहिलीला जोडली जायची. ही सोय तयार करायला आमच्या दोन मुलांना अकरा दिवस लागले. अकरा दिवसांचे काम मी आठ वर्षे केले नव्हते.

आज हे सांगणे अधिकच निकडीचे झाले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून प्रश्नाचे उत्तर सलग वाक्यांत लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. ती मराठीही लिहितात. ही यंत्रे उपलब्ध मजकुरावरून शिकतात. ज्या मजकुराची नोंद नाही, तो त्यांच्यालेखी घडलेलाच नाही. आपण अटक साठवली आणि सुटका साठवली नाही, तर यंत्र अस्खलित मराठीत अटकच सांगेल. आणि मजकूर तर सतत गळत असतो. प्यू या अमेरिकन संशोधनसंस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती. इंग्रजीसारख्या भाषेत एक पान गेले तर त्याच घटनेविषयी दुसरी दहा पाने सापडतात. किल्लारीजवळच्या एखाद्या वाडीविषयी मराठीत एकच वार्ताहर लिहून गेलेला असतो.

उपसंहार

माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना वाटेल की हे वृत्तपत्रवाल्यांचे प्रश्न आहेत. तसे नाही. आपल्या शाळेची वार्षिके, स्मरणिका, हस्तलिखिते, संमेलनांची इतिवृत्ते आज कोठे आहेत? नव्वदीनंतरच्या स्मरणिका ज्या मुद्रकाकडे संगणकावर जुळल्या, त्या फायली बहुधा कोणत्यातरी जुन्या टंकात आहेत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी समाजाची नोंद मुंबई-पुण्याच्या दैनिकांत क्वचितच होते. ती असते ती अशा पुस्तिकांतूनच. म्हणून माझी चार साधी विनवण्या आहेत. जो मजकूर लिहाल तो युनिकोडमध्ये लिहा. प्रत्येक फायलीच्या नावात तारीख घाला. तिच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवा, आणि एक कागदावर छापून ग्रंथालयात द्या. चूक आढळली तर मूळ मजकूर नष्ट करू नका, शेजारी दुरुस्ती लिहा आणि ती केव्हा केली तेही लिहा. यासाठी मोठे तंत्रज्ञान लागत नाही. इयत्ता पाचवीतील मुलाला जमते. आम्हांला सरांनी पाचवीतच शिकवले होते.

या व्याख्यानासाठी जुन्या सामानात शोधता माझी एक वही सापडली. पाने पिवळी पडली आहेत. डाव्या कोपऱ्यात तारीख आहे. त्या निबंधात '१८४०' या आकड्यावर एक रेघ आहे, वर माझ्या हातचे '१८३२' आहे, आणि समासात लाल शाईतले सरांचे ते दोन शब्द अजून स्वच्छ वाचता येतात. ती वही मी आज शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे.